नानांच्या चावीबद्दल

शहादा,
रविवार दुपार

प्रिय भाग्येश,

तुझं तिकीट निघाल्याचा मेसेज परवा पाहिला. वसुबारसेच्या आदल्या दिवशी येतोयस आणि आठ दिवस राहतोयस, हे नानांना लगेच सांगितलं. त्यांनी कॅलेंडर मागून घेतलं आणि त्या तारखेवर पेनाने गोल केला. तब्येतीचं विचारशील तर अंगाने बरे आहेत. शुगर ताब्यात आहे, जेवण बेताचं पण वेळेवर. रमिलाबाई सकाळी नऊला येतात आणि मी शाळेतून परत येईपर्यंत त्यांच्याजवळ थांबतात. नाना त्यांना कधी रमिला म्हणतात, कधी आईच्या नावाने सिंधू म्हणून हाक मारतात. बाई दोन्ही नावांना ओ देतात. रनाळ्याचं शेत यंदाही वाट्यानेच दिलंय, कापूस बरा आहे. मागच्या अंगणात सीताफळं धरली आहेत, तू येईपर्यंत चार-दोन तरी पिकतील.

फोनवर तू दर वेळी एक गोष्ट म्हणतोस, की नानांनी गाडी आपणहून सोडली हे फार बरं झालं, नाहीतर आपल्याला त्यांच्याशी भांडावं लागलं असतं. मी दर वेळी हो म्हणते आणि विषय बदलते. त्यांनी गाडी आपणहून सोडली नाही, भाग्येश. नाना आत झोपलेत, चार वाजेपर्यंत उठत नाहीत. तेवढ्यात जे झालं ते सगळं लिहून काढते.

गाडी घेतली तो दिवस तुला आठवत असेल. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं जीपमधून धूळ खाल्ली, आता काचा लावून फिरायचं, असं म्हणत निवृत्तीच्या वर्षी त्यांनी ती आणली. गल्लीतली पोरं जमायची आणि नाना ओट्यावर बसून चावीचं बटण दाबायचे. गाडीचे दिवे लागले की पोरं ओरडायची, मग पुन्हा दाबायचे. चाव्या दोन होत्या. दुसरी आईच्या पर्समध्ये असायची, ती रनाळ्याला लग्नाच्या हळदीत कुठेतरी पडली. आईने दोन दिवस जीवाला लावून घेतलं होतं. नाना म्हणाले, एक शे ना, बस. तेव्हापासून आपल्याकडे एकच चावी होती, आणि ती नानांच्या शर्टाच्या खिशात.

एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नसेल, कारण तेव्हा तू परदेशात होतास. माझं नाशिकचं घर मोडलं त्या वेळी मला न्यायला नाना एकटेच ही गाडी घेऊन आले होते. माझ्या दोन बॅगा आणि शिलाई मशीन त्यांनीच उचलून मागे ठेवलं. धुळं मागे पडल्यावर गाडी कडेला घेतली, खाली उतरले, माझ्या बाजूला येऊन दार उघडलं आणि म्हणाले, आते तू चालाड. मी कधी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. मला रडू येत होतं आणि हात थरथरत होते. त्यांनी पुन्हा बसून गाडी एका शेताच्या कच्च्या रस्त्यावर वळवून घेतली, मला बसवलं आणि सांगितलं, हात थरथरू दे, पाय क्लचवरथून काढू नको. त्या दिवशी मी अर्धा किलोमीटर गाडी चालवली असेल. पुढच्या महिनाभरात त्यांनी मला पाटाच्या रस्त्यावर रोज घेऊन जाऊन पक्कं शिकवलं. मी पुन्हा माणसांत आले ती त्या महिन्यात. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

आता मार्चमधलं सांगते. तेव्हा मी तुला म्हटलं होतं, की नाना खापरला एका जुन्या ओळखीच्याकडे जाऊन आले. ते खोटं होतं. त्या दिवशी सकाळी आठला ते मेथी आणायला म्हणून गाडी घेऊन निघाले. साडेदहाला मला वर्गात फोन आला. बोलणारा माणूस खापरचा, जामसिंग नावाचा, पंक्चरचं दुकान असलेला. म्हणाला, बाई, तुमचे बाबा आमच्या गावात बसेल आहेत, तुम्ही या. मुख्याध्यापकांना सांगून मी निघाले. शहाद्याहून एसटीने अक्कलकुवा, तिथून काळीपिवळीत बसून खापर. पोचायला दीड वाजला. सकाळी गाडी त्याच्या दुकानासमोर उन्हात तासभर चालू स्थितीत उभी होती, काचा बंद, नाना आत ताठ बसलेले. या माणसाने काचेवर टकटक करून त्यांना बाहेर काढलं, सावलीत खाट टाकून दिली, पाणी पाजलं आणि त्यांच्या डायरीच्या पहिल्या पानावरचा माझा नंबर लावला. मला पाहून नाना म्हणाले, कितला उशीर करा तू. जामसिंगने मला बाजूला घेऊन सांगितलं, की बाबा म्हणत होते, माझी पोरगी शाळेत वाट बघते, तिला घ्यायला आलोय.

मी चावी मागितली. त्यांनी दिली नाही. परक्या माणसासमोर त्यांच्या हातून हिसकावून घ्यायला माझा हात पुढे झाला नाही. मग खापरपासून शहाद्यापर्यंत नानांनी गाडी चालवली आणि मी शेजारी जीव मुठीत धरून बसले. तुला सांगते, एक चूक केली नाही त्यांनी. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरला नीट बाजू दिली, गतिरोधकावर हळू केली. तळोद्यानंतर कुठली मोरी कोणत्या साली बांधली आणि कुठल्या ठेकेदाराने त्यात कमी सिमेंट घातलं, ते सांगत होते. घराच्या फाटकातून गाडी आत घेतली आणि उतरून मला विचारलं, की मेथी कुठे ठेवलीस.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की गाडी बंद करा, चावी काढून घ्या. तूही फोनवर तेच म्हणालास. काय काय केलं ते ऐक. दोनदा चावी लपवली. पहिल्यांदा त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे ओट्यावर उपडे केले. दुसऱ्यांदा रमिलाबाईंवर चोरीचा आळ घेतला, गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात. बाई पदर तोंडाला लावून रडत बसल्या, दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, मला त्यांच्या घरी जाऊन हात जोडावे लागले. मी चावी परत दिली. तेव्हापासून त्यांनी ती कमरेच्या कडदोऱ्याला बांधली, आंघोळीलासुद्धा सोडेनात. मग मी बॅटरीची वायर काढून ठेवली. त्यांनी बॉनेट उघडलं, पाना मागितला आणि दहा मिनिटांत वायर जोडली. वर मलाच समजावलं, की वायर ढिली व्हती. पाटबंधाऱ्याचा माणूस तो, त्याला यंत्राने कसं फसवणार.

आणि मग जून. पुढच्या गल्लीत मीनाबाई शिवणकाम करतात, त्यांची नऊ वर्षांची सोनम. शाळा सुरू होऊन तीन दिवस झाले होते. सकाळी मी केस विंचरत होते आणि फाटकाकडून ओरडणं ऐकू आलं. नानांनी गाडी मागे घेतली होती आणि सोनम सायकलवरून जात होती. मागचं चाक तिच्या पायावरून गेलं, गुडघ्याच्या खाली. त्याच गाडीत तिला घातलं. मी चालवत होते, तेवढ्यापुरती चावी नानांनी मुकाट्याने सोडून दिली. ते मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि सारखं म्हणत होते, काही नही व्हस बेटा, काही नही व्हस. तिच्या पायात सळई घालावी लागली. संध्याकाळी घरी आल्यावर नानांनी स्वतःच्या पायजम्याकडे पाहून मला विचारलं, की हे रक्त कोणाचं. चावी पुन्हा कडदोऱ्याला होती.

तुला मी सांगितलं होतं, की एका मुलीला थोडं खरचटलं. सोनम अजून लंगडते. वाढत्या वयात सुधारेल म्हणतात. मीनाबाई दवाखान्याच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, पोलीसमा जात नही ताई, नाना माणूस चांगला शे. पण आज पायवर निभायनं. एवढंच. मग उठून पोरीजवळ गेल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी दुसरी चावी करायचं ठरवलं. खरं सांगते, सुरुवातीला मनात एवढंच होतं, की माझ्याजवळ एक चावी असली तर नाना उठायच्या आत मी गाडी घेऊन शाळेत जाईन आणि दिवसभर तिथेच ठेवीन. धुळ्याच्या शोरूमला फोन केला. गाडी जुनी, त्या मॉडेलची रिमोटची चावी मागवावी लागेल, महिना लागेल, आणि येताना गाडी व असलेली चावी दोन्ही आणा म्हणाले. मग कुणीतरी लोटनचं नाव सुचवलं. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं कुलूप-चाव्यांचं दुकान आहे, आता लॅपटॉप आणि मशीन ठेवून गाड्यांच्या चाव्याही करतो. त्याने मला नीट समजावून सांगितलं. या गाडीच्या चावीत आत एक चिप असते. नुसती चावी कापून दार उघडतं, पण चिप गाडीने ओळखली नाही तर इंजिन चालू होत नाही. नवी चावी जोडताना घरात असतील तेवढ्या सगळ्या चाव्या समोर लागतात. जी चावी समोर नसेल तिले गाडी इसरी जास, विसरून जाते, असं तो म्हणाला. मग ती चावी दार उघडेल, दिवे लावेल, पण इंजिन धरणार नाही. हरवलेली चावी चोराच्या हाती लागली तर उपयोगी पडू नये म्हणून तशी सोय आहे.

मी त्याच्या दुकानाच्या काउंटरला हात टेकून उभी होते. त्याने विचारलं, जुनी चावी कोठे शे ताई. मी म्हटलं, हरवली.

मी हे वाक्य घरून ठरवून नेलं नव्हतं. पण एकदा बोलल्यावर परत घेतलंही नाही. लोटनने गाडीचं आरसी बुक आणि मालकाचं पत्र मागितलं, कारण गाडी नानांच्या नावावर. पत्र मी लिहिलं. नानांपुढे ठेवलं तेव्हा त्यांनी विचारलं, कशानं शे हाई. मी म्हटलं, विम्याचं. त्यांनी वाचलं नाही. कागद टेबलाला समांतर करून घेतला आणि आपली ती फायलीवरची सही केली, खाली तारीख घातली, तारखेखाली रेघ मारली. आपली चावी बंद करायला त्यांनी स्वतःच सही करून दिली.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी दोनला, नाना झोपलेले असताना लोटन घरी आला. त्याने दाराच्या कुलपावरून चावी कापली, मग स्टेअरिंगखाली वायर जोडून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला. काम अर्ध्यावर असताना नाना उठून ओट्यावर आले. उघड्या अंगाने, लुंगीवर. कडदोऱ्याला चावी लोंबत होती. त्यांना वाटलं, गॅरेजचा माणूस आहे. त्याला म्हणाले, पाणी पी लय भाऊ, ऊन कितलं शे. मग सेल्फ मारताना कसा आवाज येतो ते हाताने दाखवून सांगू लागले. लोटन ऐकत होता आणि त्या चावीकडे बघत होता. मी नानांना चहाच्या निमित्ताने आत पाठवलं. लोटनने लॅपटॉपवरून हात काढून घेतले आणि हळू आवाजात विचारलं, हाईच ना ती जुनी चावी? मी हो म्हटलं. मग सोनमचं नाव घेतलं. त्याला ते ठाऊक होतं, गावात सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्याने लॅपटॉप पुन्हा मांडीवर ओढला आणि काम पूर्ण केलं. जाताना एवढंच म्हणाला, मन बदलनं तर ती चावी घी या ताई, परत जोडी देसू. दहा मिनिटनं काम शे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गाडीत बसले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. बटण दाबलं, दिवे लागले, दार उघडलं. चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. पुन्हा फिरवली. सात-आठ वेळा झालं. मला वाटलं होतं, ते गाडीला दोष देतील. चार शिव्या घालतील, मी गॅरेजवाल्याला सांगते म्हणेन, तो आज येतो उद्या येतो करत दिवस जातील आणि हळूहळू ते गाडीच विसरतील. पहिले दोन दिवस तसंच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांची नंदुरबारला तपासणी होती.

एसटीने न्यायला हवं होतं. पण त्यांचे गुडघे सुजले होते, ऊन होतं, आणि मी विचार केला नाही. त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं, माझ्या पर्समधून नवी चावी काढली आणि गाडी चालू केली. पहिल्याच फिरवण्यात. नानांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, उलटा-सुलटा करून. प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल आला. पुलावर म्हणाले, तुन्हा हातखाल चालू व्हयनी. मन्हा हात इसरी गयात.

मी तेव्हाच गाडी थांबवून सांगायला हवं होतं. मी म्हटलं, नाना, गाडी जुनी झालीय, कधीकधी तसं होतं.

त्या दिवसापासून ते रोज शिकतात. सकाळी मी आवरत असते तोवर गाडीत जाऊन बसतात. क्लच दाबतात, गिअर हलवून बघतात, ओठांनी काहीतरी पुटपुटतात आणि मग चावी फिरवतात. एकदा त्यांची डायरी टेबलावर उघडी राहिली होती. त्यांच्या त्याच कोरीव अक्षरात लिहिलेलं होतं, क्लच पूर्ण दाबणे, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करणे, चावी सावकाश फिरवणे. त्यातलं सावकाश हे खाली रेघ मारून. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर तेच. मी अकरा पानं उलटली आणि डायरी मिटली.

आणि ते तिथेच थांबलं नाही. दाढी स्वतः करायचे, ती थांबवली. म्हणाले, माले जमाव नही, कापाई जाई. सकाळचा चहा स्वतः करायचे, आता गॅसला हात लावत नाहीत. गेल्या महिन्यात पेन्शनच्या कागदावर सही मागितली तर पेन हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले आणि अंगठा पुढे केला. डॉक्टर म्हणतात, हा आजार असाच पुढे जातो. जात असेल. पण मला तो दिवस माहीत आहे, भाग्येश. कुठल्या पुलावर ते खचले ते माहीत आहे. ज्या माणसाने माझे थरथरणारे हात स्टेअरिंगवर ठेवून घेतले, त्याला मी पटवून दिलं, की तुझे हात गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला सहन झालं नाही. ते ओट्यावर बसले होते, मी पायरीवर त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. लोटन, मशीन, सही, सगळं. ते नीट ऐकत होते. ऐकून झाल्यावर विचारलं, म्हणजे माले गाडी येस? मी म्हटलं, येते नाना, तुम्हाला उत्तम येते, चावी मी बंद केलीय. त्यांनी पुन्हा विचारलं, येस ना? आणि हसले. किती महिन्यांनी हसले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. आत गेले, आरशासमोर उभे राहून स्वतः दाढी केली, कानाजवळ थोडं कापलं, तुरटी लावली. संध्याकाळी रमिलाबाईंना चहा करून दिला. मी देवापुढे बसून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीत बसले होते. क्लच, गिअर, चावी. कालचं काहीच उरलं नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. या वेळी ते चिडले. मन्ही गाडी, मन्ही चावी, तू कोण, म्हणाले आणि दिवसभर माझ्या हातचं जेवले नाहीत. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, का केलंस. मी सोनमचं सांगितलं. त्यांना ते तेव्हाच पहिल्यांदा कळल्यासारखं होतं. ते लहान मुलासारखे रडले, आणि मीनाबाईंच्या घरी जायचं म्हणून चप्पल घालू लागले. अर्ध्या वाटेत कुठे चाललोय ते विसरले. त्यानंतर मी सांगितलेलं नाही. माझी छातीच होत नाही. सकाळी ते गाडीत बसले की मी मागच्या दाराने माझी शाळेला जायची स्कूटी काढते.

आता तू येतोयस. नानांनी कॅलेंडरवर गोल केला तो कशासाठी, ते तुला कळायला हवं. परवा त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, भाग्येशले सांगू नको माले गाडी जमत नही ते. तो उना का त्यानाकडथून शिकी लिसू. ते तुला एकटं गाठून गाडीत नेतील. तुला त्यांची चावी देतील आणि विचारतील, मी कुठे चुकतो. तुझ्या हातूनही ती चालू होणार नाही. मग तू माझ्याकडे येऊन दुसरी मागशील आणि ती त्यांच्यासमोर फिरवशील. एवढं करू नकोस. चावी परत जोडावी का, हे मी तुला विचारत नाही. मी जोडणार नाही. सोनम रोज आपल्या फाटकासमोरून पाय ओढत शाळेत जाते, आणि दहा मिनिटांचं ते काम मी कधीच करून घेणार नाही. पण नानांना मी सांगितलेलं सकाळपर्यंत टिकत नाही आणि रोज सांगायला माझ्यात बळ उरलेलं नाही, म्हणून तुला हे पत्र. ते आठ दिवस तू सांग. रोज सकाळी ते गाडीत जाऊन बसले, की त्यांच्या शेजारी बस आणि सांग, की नाना, तुम्हाला गाडी येते, तुमचे हात काही विसरलेले नाहीत, ताईने चावी बंद केली. माझं नाव घे. ते चिडतील, माझ्या हातचं जेवणार नाहीत, चालेल. त्यांना माझा राग येऊ दे, स्वतःची लाज वाटायला नको.

वाट पाहतेय.

तुझीच,
रूपालीताई